वेगाच्या वाटेवरचे पाथेय

इ. स. ११३९ साली रोम येथे दुसरी लॅटेरन परिषद भरली. तिच्या नियमावलीतील चौदावा नियम सरदारांच्या झुंजींविषयी आहे. त्या काळी युरोपातले शूर तरुण ठरल्या दिवशी ठरल्या मैदानावर जमत आणि केवळ आपले बळ व धाडस दाखविण्यासाठी घोड्यावरून एकमेकांवर भाले रोखून चाल करीत. त्यात माणसे मरत. परिषदेने हे खेळ निषिद्ध ठरविले आणि त्यात मरणाऱ्यास ख्रिस्तसभेच्या विधीने मूठमाती मिळणार नाही असा दंडक घातला. मात्र त्याच नियमात आणखी एक गोष्ट सांगितली आहे. असा माणूस मरणाच्या दारी असताना प्रायश्चित्तसंस्कार आणि पाथेय, म्हणजे अखेरच्या प्रवासाची शिदोरी म्हणून द्यावयाचा ख्रिस्तप्रसाद, मागू लागला तर ते त्याला नाकारू नये.

खेळाचा निषेध आणि खेळाडूला पाथेय, या दोन गोष्टी आठशेहून अधिक वर्षांपूर्वी एकाच नियमात अशा शेजारी शेजारी बसल्या. मोटारशर्यतींचे जग आणि ख्रिस्तसभा यांचा विसाव्या शतकातील संबंध पाहू लागलो की हा नियम वारंवार आठवतो. या जगात कधी नियमाचा पहिला भाग उच्चारला गेला, कधी दुसरा आचरला गेला. दोन्ही एकाच तोंडून क्वचितच ऐकू आले.

शर्यतींविषयी ख्रिस्तसभेच्या मनात असलेली अढी तशी फार जुनी. तेर्तुलियनाने इ. स. २०० च्या सुमारास रोमन खेळतमाशांवर आणि रथांच्या शर्यतींवर एक संबंध ग्रंथच लिहिला. संत योहान ख्रिसोस्तोम इ. स. ३९९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या लोकांवर कडाडले, कारण शुभ शुक्रवारीसुद्धा ही मंडळी देऊळ सोडून रथांच्या शर्यतीला पळाली होती. लॅटेरनच्या बंदीचे पुढे काय झाले? सरदार झुंजत राहिले, बिशप बंदीची आठवण देत राहिले, आणि अखेर १३१६ साली पोप योहान बाविसावे यांनी ती उठविली. बंदीने खेळ थांबला नाही. पण ती निरर्थक होती असेही मला म्हणवत नाही. माणसाचा जीव करमणुकीसाठी नाही, हे कोणीतरी मोठ्याने म्हणावे लागते.

विसाव्या शतकात ते म्हणण्याची वेळ फ्रान्स आणि इटलीत आली. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल माँ येथे चोवीस तासांच्या शर्यतीत पिएर लव्हेग या चालकाची मर्सिडीज पुढच्या मोटारीवर चढून बांधावर आदळली आणि तिचे जळते अवयव प्रेक्षकांच्या गर्दीतून कापत गेले. लव्हेगसह ऐंशीहून अधिक माणसे मरण पावली. त्या दिवसाच्या छायाचित्रांत प्रेतांशेजारी वाकलेले धर्मगुरू दिसतात. शर्यत मात्र थांबली नाही. प्रेक्षक एकदम बाहेर पडले तर रुग्णवाहिकांचा रस्ता अडेल, हे संयोजकांनी दिलेले कारण अगदीच पोकळ नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी विजेत्याचे स्वागत झाले, हे वाचताना मन बिचकते.

त्यानंतर दोन वर्षांनी, १२ मे १९५७ रोजी, इटलीतील मिल्ले मिल्या ही ब्रेशा ते रोम आणि परत ब्रेशा अशी सार्वजनिक रस्त्यांवरून धावणारी हजार मैलांची शर्यत सुरू होती. ग्विदिझ्झोलो गावाजवळच्या सरळ रस्त्यावर अल्फोन्सो दे पोर्तागो या स्पॅनिश उमरावाच्या फेरारीचा टायर फुटला. तो, त्याचा साथीदार एडमंड नेल्सन आणि रस्त्याकडेला उभे असलेले नऊ लोक जागच्या जागी गेले. त्या नवांत पाच मुले होती. रस्त्यावरील शर्यतींवर सरकारने बंदी घातली. मोटारीचे निर्माते एन्झो फेरारी यांच्यावर मनुष्यवधाचा खटला भरला गेला. १९६१ मध्ये ते निर्दोष सुटले.

दरम्यान फेरारी यांच्या संघात मृत्यू जणू मुक्कामालाच आला होता. पोर्तागोच्या आधी दोन महिने एउजेनिओ कास्तेल्लोत्ती मोडेनाच्या धावपट्टीवर सराव करताना मरण पावला होता. ६ जुलै १९५८ रोजी फ्रान्समधील रँस येथे लुइजी मुस्सो गेला आणि त्यानंतर महिन्याभरातच जर्मनीत पीटर कॉलिन्स. सतरा महिन्यांत एकाच संघाचे चार चालक! मुस्सोच्या मृत्यूनंतर व्हॅटिकनच्या ‘लोस्सेर्व्हातोरे रोमानो’ या दैनिकाने फेरारी यांची तुलना सॅटर्न या रोमन देवाशी केली. पोटची मुले गिळणारा तो देव आता कारखानदाराच्या वेषात अवतरला आहे, असा त्या टीकेचा आशय होता.

टीका जहाल होती आणि तिच्यात तथ्यही होते. पण ती ज्याच्यावर केली त्या माणसाकडे जरा पाहावे. एन्झो फेरारी यांचा मुलगा दिनो स्नायू झिजत जाण्याच्या असाध्य विकाराने ३० जून १९५६ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी मरण पावला होता. मोडेनाच्या सान काताल्दो दफनभूमीत त्याच्या थडग्यापाशी जाणे हा पुढे कित्येक वर्षे या बापाचा रोजचा नेम होता. नियमाने मिस्सेला जाणाऱ्यांपैकी ते नव्हते. दफनभूमीत मात्र नियमाने जात. ज्याने दोनच वर्षांपूर्वी आपल्या मुलाला मूठमाती दिली त्याला मुले गिळणारा म्हणणे हे रोमला बसून सोपे होते. मोडेनात राहणाऱ्या धर्मगुरूला ते जड गेले असते.

आणि मोडेनात तसे एक धर्मगुरू होतेही. सांता कातेरिना धर्मग्रामाचे डॉन सेर्जिओ मांतोवानी हे पुढे चालकांचे धर्मगुरू म्हणूनच ओळखले गेले. मोटारींच्या त्या शहरात चालक, यंत्रज्ञ आणि त्यांची कुटुंबे हा त्यांच्या कळपाचाच भाग होता. याच डॉन सेर्जिओंनी गंभीर अपंगत्व असलेल्यांच्या सेवेचे कामही उभारले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. वेगाने धावणारे आणि जागचे हलू न शकणारे, दोघेही एकाच धर्मगुरूच्या दारात.

रोमचे दैनिक बरोबर की मोडेनाचे धर्मगुरू, असा प्रश्न येथे कोणी विचारील. नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांला शिकविले जाई की, पाचवी आज्ञा इतरांच्या जिवापुरती नाही. ती आपल्या स्वतःच्या जिवालाही लागू आहे. पुरेसे गंभीर कारण असल्याशिवाय जीव धोक्यात घालता येत नाही. खाणीत उतरणाऱ्याला कारण असते, आगीत शिरणाऱ्याला असते. मोटार गोल गोल फिरविणाऱ्याला ते असते का? शर्यतींच्या बाजूने बोलणारे ब्रेक, टायर आणि इंजिन यांच्या सुधारणांकडे बोट दाखवितात, आणि त्यांच्या म्हणण्यात काही अंशी सत्य आहे. कौशल्याला, धैर्याला, हाताच्या आणि डोळ्याच्या शिस्तीलाही स्वतःचे मोल आहे. संत पौलाने धावपटूचा दृष्टान्त उगाच घेतलेला नाही. म्हणून प्रौढ चालकाच्या बाबतीत मी निवाडा देण्यास कचरतो. ग्विदिझ्झोलोच्या त्या पाच मुलांच्या बाबतीत मात्र कचरण्याचे कारण नाही. त्यांनी कोणताही धोका स्वीकारलेला नव्हता. आपल्या गावातून मोटारी जाताना पाहायला ती उभी होती, एवढेच. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात २२९० व्या परिच्छेदात वेगाच्या आवडीपायी स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यांना मद्यपींच्याच ओळीला बसवून गंभीर दोष दिला आहे, तो अशाच प्रसंगांमुळे.

मग आशीर्वादाचे काय? माझ्या धर्मग्रामात नवी मोटारसायकल घेतलेला तरुण मिस्सेनंतर देवळाच्या पायरीशी उभा राहतो, आणि पवित्र पाणी शिंपडताना त्याच्या चेहऱ्यावरून मला स्पष्ट दिसते की हा आज पूल ओलांडताना काटा कुठवर नेणार आहे! तरी मी आशीर्वाद देतो. जुन्या रोमन विधिग्रंथात वाहनाच्या आशीर्वादाची जी प्रार्थना आहे, तिच्यात प्रेषितांच्या कृत्यांतील फिलिपाची आठवण काढलेली आहे. इथियोपियाचा अधिकारी रथात बसून यशया वाचत चालला होता आणि फिलिप धावत त्याच्या रथाशी गेला. वाहनात बसलेल्या माणसाची ख्रिस्तसभेने केलेली ती पहिली सेवा. फिलिपाने रथ चांगला की वाईट हे विचारले नाही, रथ थांबेल म्हणून वाटही पाहिली नाही.

फेरारी यांचा कारखाना मोडेनाजवळच्या मारानेल्लो गावात. त्यांच्या मोटारीने मोठी शर्यत जिंकली की गावच्या सान ब्याजिओ देवळाची घंटा वाजविण्याची प्रथा तेथे पडली. घंटेच्या बाबतीत मी थोडा कर्मठ आहे. मिस्सा, आंजेलस आणि मयत यांखेरीज ती वाजू नये असे मला वाटते. पण ज्या गावात घरटी एक माणूस कारखान्यात आहे, जेथे हीच घंटा कधी कामगारासाठी तर कधी चालकासाठी संथ ठोक्यांनी वाजलेली असेल, तेथे ती एखाद्या रविवारी दुपारी आनंदाने वाजली तर तेथील धर्मगुरूंना मी दोष देणार नाही.

याच गावी ४ जून १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आले. फियोरानोच्या सराव-मार्गावर एन्झो फेरारी यांचा दुसरा मुलगा पिएरो याने त्यांना उघड्या फेरारीतून फिरविले. पोपमहोदय उभ्याने हात उंचावून कामगारांना आशीर्वाद देत होते. तीस वर्षांपूर्वी ज्याला व्हॅटिकनच्या दैनिकाने सॅटर्न म्हटले होते तो नव्वदीचा म्हातारा मात्र तेथे नव्हता. तो आजाराने घरी अंथरुणाला खिळलेला होता. दोघांचे दूरध्वनीवर बोलणे झाले. १४ ऑगस्टला फेरारी वारले. त्यांच्या इच्छेनुसार दफन झाल्यावरच जगाला बातमी कळली. त्या हंगामातल्या सोळा शर्यतींपैकी पंधरा मॅक्लॅरेन संघाने जिंकल्या. उरलेली एक, सप्टेंबरमधली मोंझाची, फेरारीच्या दोन मोटारींनी पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाने जिंकली. इटालियन भाविकांनी त्याचा काय अर्थ लावला हे सांगायला नको. मी येथे चमत्कारांची चौकशी करीत नाही.

१९८८ हे वर्ष आणखी दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. पहिले कारण आयर्तोन सेना. ब्राझिलच्या या चालकाने त्या वर्षी जपानमधील सुझुका येथे आपले पहिले जगज्जेतेपद मिळविले, आणि त्या शर्यतीत आपल्याला देवाचे दर्शन घडले असे तो नंतर सांगू लागला. तो बायबल वाचीत असे आणि ते लपवीत नसे. यावर त्याचा प्रतिस्पर्धी अलॅं प्रोस्त याने एक बोचरा आक्षेप घेतला: देवावर विश्वास आहे म्हणून आपण मरणार नाही असे सेनाला वाटते, आणि हे इतरांसाठी धोक्याचे आहे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. श्रद्धा कवच म्हणून अंगावर चढविली की तिची धार शेजाऱ्याला लागते. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, हे वचन वाळवंटात कोणी उच्चारले होते ते आपण जाणतो. सेनाने आक्षेप नाकारला. आपणही मरू शकतो आणि आपल्यालाही भीती वाटते, असे त्याने सांगितले. १९९४ च्या एप्रिलअखेर इमोला येथे ते खरे असल्याचे दिसले. ३० तारखेला ऑस्ट्रियाचा रोलंड रात्झेनबेर्गर सरावात मरण पावला. सेना अपघाताच्या जागी गेला, नंतर रडला. वैद्यकीय प्रमुख डॉ. सिड वॉटकिन्स यांनी त्याला हे सारे सोडून दे, आपण मासे धरायला जाऊ असे सुचविले. त्याला ते जमले नाही. दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, तो गेला. त्याच्या मोटारीत ऑस्ट्रियाचा ध्वज सापडला. शर्यतीनंतर रात्झेनबेर्गरच्या स्मरणार्थ तो फडकवायचा होता. साओ पावलोत त्याच्या थडग्यावर, देवाच्या प्रीतीपासून मला काहीही वेगळे करू शकणार नाही, या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील आशयाची ओळ कोरलेली आहे. त्या ओळीत सुरक्षिततेची हमी नाही. प्रोस्तच्या आक्षेपाला याहून नेमके उत्तर मला सापडत नाही.

दुसरे कारण अमेरिकेतले. तेथे शर्यतीचा धर्मसेवेशी जो संबंध आला त्याचे मूळ आपल्याला चटकन उमगेल असे आहे: शर्यत रविवारी असते! इंडियानापोलिसची प्रख्यात पाचशे मैलांची शर्यत १९७३ पर्यंत रविवार टाळीत असे. त्यानंतर ती मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी होऊ लागली आणि कॅथलिक धर्मगुरू मिस्सेचे साहित्य घेऊन शर्यतीच्या मैदानावरच पोहोचले. तसा तेथे ख्रिस्तसभेचा शेजार पूर्वीपासून होता. मैदानाला लागून असलेल्या स्पीडवे नावाच्या गावात १९३७ साली धर्मग्राम स्थापन झाला तो प्रवाशांचे आश्रयदाते संत ख्रिस्तोफर यांच्या नावाने. (१९६९ मध्ये या संताला रोमने ‘काढून टाकले’ असे आपल्याकडेही काहीजण सांगतात. तसे नाही. त्यांचा सण सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला, संतपद नव्हे.)

दक्षिणेकडील नॅसकार शर्यतींत आपले प्रॉटेस्टंट बंधू बहुसंख्य. वर्षातले पस्तीसहून अधिक रविवार घराबाहेर, चाकांवरच्या घरांत काढणाऱ्या या कुटुंबांना देऊळ म्हणून उरतच नसे. १९८८ साली मॅक्स हेल्टन या पाळकांनी डॅरेल वॉल्ट्रिप आदी चालकांच्या साथीने ‘मोटर रेसिंग आउटरीच’ ही सेवा सुरू केली. शर्यतीच्या सकाळी, चालकांची बैठक संपली की तेथेच छोटी उपासना. मोठी गोष्ट उपासना नव्हे. हे पाळक त्या ताफ्याबरोबर गावोगाव फिरत, हे मला अधिक मोलाचे वाटते. बाळंतपण, घटस्फोट, भाजलेला यंत्रज्ञ, या सगळ्यांना एकच ओळखीचा माणूस.

डॅरेलची पत्नी स्टीव्ही दर शर्यतीपूर्वी एका कागदावर बायबलमधील वचन लिहून देत असे आणि डेल अर्नहार्ट ते आपल्या मोटारीत लावीत असे. हा चालक त्या दुनियेत सर्वांत दांडगा. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथे त्याला मिळालेले वचन नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायातील दहावे होते: परमेश्वराचे नाव हा बळकट बुरूज आहे, धार्मिक त्यात धावत शिरतो आणि निर्भय होतो, असा त्याचा आशय. शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर त्याची मोटार भिंतीवर आदळली आणि कवटीच्या तळाचे हाड मोडून तो मरण पावला. ती शर्यत जिंकली डॅरेलच्या धाकट्या भावाने, अर्नहार्टच्याच मालकीच्या मोटारीतून, आणि डॅरेल स्वतः वर समालोचन करीत होता.

वचन खोटे ठरले काय? स्टीव्हीला हा प्रश्न कोणी विचारला असेल तर तिने तो कसा सोसला असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे. मान आणि मस्तक सावरून धरणारी हान्स नावाची पट्ट्यांची योजना त्या वेळी उपलब्ध होती. अर्नहार्ट तिला फास म्हणून हिणवीत असे आणि वापरीत नसे. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात नॅसकारने तशी योजना सक्तीची केली, पुढे भिंतींनाही धक्का शोषणारे आवरण आले, आणि त्यानंतर त्या वरिष्ठ मालिकेच्या शर्यतीत आजवर एकही चालक दगावलेला नाही. बुरुजात धावत शिरायचे असते. तो बुरूज कधी अभियंत्याच्या हातून बांधला जातो, असे म्हटल्याने परमेश्वराच्या नावाला कमीपणा येतो असे मला वाटत नाही. फॉर्म्युला वनच्या मोटारींवर २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती जी धातूची कमान सक्तीची झाली, तिला ते ‘हेलो’ म्हणतात; म्हणजे आपल्या संतांच्या मस्तकामागचे तेजोवलय. २०२० च्या नोव्हेंबरात बहारीनला रोमँ ग्रोझाँ कठडा फोडून आगीत अडकला आणि त्या कमानीमुळे जिवंत बाहेर आला.

मैदानावरची प्रार्थना पाहता पाहता तमाशाही होते, हे नाकारून चालणार नाही. २०११ मध्ये नॅशव्हिल येथे एका पाळकाने शर्यतीपूर्वीच्या जाहीर प्रार्थनेत मोटारींच्या कंपन्यांची नावे घेऊन देवाचे आभार मानले, आपल्या पत्नीच्या रूपाचेही मानले, आणि देशभर हशा पिकला. जेथे ध्वनिक्षेपक आहे तेथे हा मोह आहे. आपल्या सणांच्या मिरवणुकीतही तो नसतो असे नाही.

पाथेय देणारा धर्मगुरू ध्वनिक्षेपकापाशी नसतो. १५ सप्टेंबर २००१ रोजी जर्मनीतील लाउझित्झ येथे अमेरिकन मालिकेची एक शर्यत होती. तेरा फेऱ्या उरल्या असताना आघाडीवर असलेला इटालियन चालक आलेस्सान्द्रो झानार्दी थांब्यातून बाहेर पडताना घसरला, आणि मागून पूर्ण वेगाने येणाऱ्या मोटारीने त्याची मोटार दुभंगली. दोन्ही पाय गेले, अंगातले बहुतेक रक्त वाहून गेले. स्टीव्ह ओल्व्ही आणि टेरी ट्रॅमेल या डॉक्टरांनी त्याला हेलिकॉप्टरने बर्लिनला पाठविण्याची धडपड केली. त्या गडबडीतच मालिकेबरोबर फिरणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूंनी त्याला अखेरचा संस्कार दिला. आपण ज्याला पूर्वी अंत्याभ्यंग म्हणत होतो आणि १९७२ च्या सुधारणेनंतर रुग्णाभ्यंग म्हणू लागलो, तो हा संस्कार. त्याच्या प्रार्थनेत पापक्षमेबरोबर आरोग्यही मागितलेले असते. संत याकोबाच्या पत्रापासून ते तसेच आहे. आजाऱ्याच्या उशाशी ‘फादर आले’ म्हणताच रडारड करणाऱ्या आपल्या माणसांच्या ते ध्यानात राहत नाही.

झानार्दी जगला. २००३ च्या मे महिन्यात तो कृत्रिम पायांनी लाउझित्झला परतला. हातांनी चालविता येईल अशी मोटार त्याच्यासाठी तयार केलेली होती. त्या दिवशीची त्याची शर्यत कोणाशीच नव्हती. शर्यतमार्ग त्याच्यासाठी मोकळा ठेवला होता, आणि राहिलेल्या तेरा फेऱ्या त्याने एकट्याने पूर्ण केल्या.